त्रिस्थळी यात्रा आणि विमानाचे तिकीट

दिंद्रुडसारख्या गावात आज विमानाचे नाव काढले तर कुणी दचकत नाही. पुण्याला नोकरीस असलेला पोरगा दिवाळीला घरी येतो, मोबाइलवर बोट फिरवतो आणि म्हणतो, “माय, काशीला दोन-सव्वादोन तासांत पोचशील बघ.” माय विचारते, “आन पैसं किती?” पोरगा आकडा सांगतो. माय म्हणते, “मंग ऱ्हाऊ दे. रेल्वेनं जाऊ, न्हाई तर जाऊच नाही.”

श्रोते हो, पोराने सांगितलेला तो आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. तो एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा आकडा आहे. आपली यात्रा एका गावाची नसते. काशी झाली की प्रयाग हवे, प्रयाग झाले की गया हवी, आणि आता अयोध्याही हवी. चार मुक्कामांच्या प्रवासाचा हिशेब एका तिकिटावरून मांडता येत नाही. तो दिंद्रुडच्या आपल्या दारातून पाऊल बाहेर पडते तिथून मांडायचा आणि पुन्हा त्याच दारात पाऊल टेकेपर्यंत मांडायचा. असा मांडला म्हणजे कधी महाग दिसणारे तिकीट स्वस्त ठरते, तर कधी स्वस्त दिसलेले अंगाशी येते. तो कसा मांडावा, एवढाच आजचा विषय.

उदाहरणासाठी एक कुटुंब धरू. दिंद्रुडचे एक गुरुजी आहेत. घरात पत्नी, माय आणि मायची धाकटी बहीण म्हणजे मावशी. वडील गेले त्याला चार वर्षे झाली. गयेला त्यांचे पिंड पडावेत आणि ते आपले पाय चालताहेत तोवर पडावेत, ही मायची एकच इच्छा. गुडघे कुरकुरतात. रेल्वेचे दोन रात्रींचे जाणे आणि दोन रात्रींचे येणे तिला झेपेल असे वाटत नाही. सोयाबीनचे थोडे पैसे बाजूला पडले आहेत. चौघांची सोय त्यातच बसवायची आहे.

आता सर्वात आधी, विमानाचे भाडे ठरते कसे ते पाहू. एस.टी.चे भाडे टप्प्यावर ठरते, ते आज आणि उद्या एकच. विमानाचे तसे नाही. 1953 साली देशातली विमानसेवा सरकारने आपल्याकडे घेतली होती, आणि 1994 साली तो कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना रान मोकळे झाले. आज प्रत्येक कंपनी आपले भाडे आपणच ठरवते. विमानातल्या जागा डोळ्यांना सारख्या दिसतात, पण विक्रीच्या वहीत त्यांचे कप्पे केलेले असतात. पहिल्या कप्प्यातल्या थोड्या जागा स्वस्त, त्या संपल्या की दुसरा कप्पा उघडतो, तो थोडा महाग, मग तिसरा. विमान भरत जाते तसतसे भाडे चढत जाते. शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात ते यामुळेच.

या कप्प्यांतून एक व्यवहार निघतो, तो फार थोड्यांना माहीत असतो. गुरुजींनी चार जागा एकदम मागितल्या आणि स्वस्त कप्प्यात दोनच उरल्या असतील, तर यंत्र बहुधा चारही जागा पुढच्या कप्प्यात टाकते. समजा स्वस्त कप्पा 4,000 रुपयांचा आणि पुढचा 5,000 रुपयांचा. चौघांचे एकदम काढले तर 20,000 रुपये. तेच दोघा-दोघांचे वेगळे काढले तर आठ आणि दहा मिळून 18,000. दोन हजार वाचले. तेव्हा आधी एकट्याचे भाडे विचारून पाहावे, मग दोघांचे, मग चौघांचे. भाव सारखाच निघाला तर चौघांचे एकत्रच काढावे, कारण विमानाची वेळ बदलली तर एका तिकिटावरची माणसे एकत्र हलतात. आणि वेगळे काढायचेच झाले तर मायला गुरुजींच्या तिकिटावर ठेवा. म्हातारे माणूस एका तिकिटावर आणि त्याचा हात धरणारा दुसऱ्या तिकिटावर, असे करू नये.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, आणि तिच्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल. आपल्या पैठणचे एक विद्वान घराणे सोळाव्या शतकात काशीस जाऊन राहिले. त्या घराण्यातील नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांत काय करावे, कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. क्रमही तोच: आधी प्रयाग, मग काशी, शेवटी गया. आता नकाशा उघडा. प्रयाग पश्चिमेला आहे. तिथून पूर्वेकडे सुमारे सव्वाशे किलोमीटरवर काशी. तिथून आणखी पूर्वेला साधारण अडीचशे किलोमीटरवर गया. पायी जाणारा यात्रेकरू एकाच दिशेने पुढे पुढे जात होता, गेलेली वाट पुन्हा तुडवत नव्हता.

विमानाने जाणारे आपण मात्र ती वाट हटकून तुडवतो. कारण आपल्या मनात ‘जाण्या-येण्याचे तिकीट’ घट्ट बसले आहे. पुणे ते वाराणसी आणि वाराणसी ते पुणे. मग प्रयागला जाऊन काशीला परत, गयेला जाऊन पुन्हा काशीला परत. गयेचे पिंड झाल्यावर तिथून अडीचशे किलोमीटर माघारी यायचे कशाला? तर विमान काशीहून आहे म्हणून!

याला उपाय आहे. एका दाराने आत शिरायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे. तिकिटांच्या संकेतस्थळावर वरच्या बाजूला तीन खुणा असतात: एकेरी, जाणे-येणे आणि तिसरी ‘मल्टी-सिटी’, म्हणजे अनेक गावांचा प्रवास. ही तिसरी खूण दाबली की पहिल्या ओळीत पुणे ते प्रयागराज आणि दुसऱ्या ओळीत पाटणा ते पुणे असे लिहिता येते. पाटणा अशासाठी की गयेहून ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, मधे रेल्वे आहे आणि गयेपेक्षा तिथून विमाने पुष्कळ सुटतात. गयेलाही विमानतळ आहे, तेव्हा दोन्हीकडचे भाडे पाहावे.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या तारखेचे आकडे तुम्ही घालायचे. समजा पुणे–काशी जाणे-येणे माणशी 11,000 रुपये पडते आणि प्रयागला जाऊन पाटण्याहून येणे माणशी 12,200 रुपये. वरवर पाहता दुसरे तिकीट महाग. चौघांचे 4,800 रुपये जादा. पण पहिल्या बेतात गयेहून काशीला परत यायला गाडी करावी लागते, तिचे समजा 4,500. काशीत आणखी एक मुक्काम आणि जेवणखाण, चौघांचे 2,500. झाले 7,000. दुसऱ्या बेतात गयेहून पाटण्याला जाण्याचे चौघांचे हजार रुपये धरा. म्हणजे 4,800 आणि 1,000 मिळून 5,800. सात हजारांपुढे पाच हजार आठशे. बाराशे रुपये वाचले, एक दिवस वाचला आणि मायचे गुडघे वाचले. ही शेवटची बचत कुठल्याही संकेतस्थळावर दाखवत नाहीत.

अयोध्या करायची असेल तर तीही याच ओळीत बसते. तिथला विमानतळ 30 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाला. अयोध्येत उतरावे, तिथून दक्षिणेला पावणेदोनशे किलोमीटरच्या आत प्रयाग, मग काशी, मग गया. पुन्हा कुठेही माघारी फिरणे नाही.

प्रयागचे नाव निघालेच आहे तर एक गंमत सांगतो. 18 फेब्रुवारी 1911 रोजी याच प्रयागला, तेव्हाच्या अलाहाबादला, आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानात घालून यमुनेपलीकडे नैनीला पोचवली. जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल ती. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. शाळेत मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आता आपल्या बाजूचे दार. बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. दिंद्रुडहून जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड. लांबचे पुणे, हैदराबाद आणि मुंबई. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. जवळच्या विमानतळावरून विमाने थोडी, म्हणून भाडे बहुधा चढे. लांबच्या ठिकाणी विमाने पुष्कळ, कंपन्यांत चढाओढ, म्हणून भाडे उतरते. गुरुजींनी काय करावे? समजा संभाजीनगरहून माणशी 1,500 रुपये जास्त पडतात, म्हणजे चौघांचे 6,000. पुण्याचे विमान पहाटे साडेपाचला असेल तर आदल्या दिवशी पुण्यात पोचून मुक्काम करणे आले, रात्री रिक्षा करणे आले. हा सगळा खर्च सहा हजारांच्या खाली राहतो की वर जातो, ते पाहायचे. पुण्यात लेकाचे घर असेल तर हिशेब एकदम पालटतो. लेकाचे घर हा फार मोठा स्वस्त विमानतळ आहे!

आणि एस.टी.ला विसरू नका. मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात तिकीटच नाही. चौघांत तीन बायका, त्यातली एक पंचाहत्तरीची. अशा कुटुंबाला पुण्याला जाण्याचा खर्च वाटतो तितका येत नाही. रेल्वेचे म्हणाल तर परळीचे स्टेशन जवळ आहे. तिथून एका अंगाने विकाराबादमार्गे हैदराबादकडे आणि दुसऱ्या अंगाने परभणीमार्गे नांदेड-मनमाडकडे गाड्या जातात. म्हणून हैदराबादचे भाडेही एकदा पाहून ठेवावे. आपल्याकडचे लोक सवयीने पुण्याकडेच बघतात.

नांदेडचे थोडे वेगळे सांगायला हवे. छोट्या गावांना विमानाने जोडण्यासाठी सरकारने ‘उडान’ ही योजना काढली, आणि 27 एप्रिल 2017 रोजी तिचा आरंभ झाला त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद विमानालाही झेंडा दाखवला गेला. तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक जागा 2,500 रुपयांच्या मर्यादेत द्यायच्या, असा तो नियम होता. मराठवाड्याला त्याचा आनंद झाला. पण विमान चालवणारी कंपनीच 2022 साली बंद पडली, आणि नांदेडला पुन्हा नियमित विमाने दिसली ती 2024 साली. लहान विमानतळांचे असेच असते, वारांवर आणि कंपनीच्या तब्येतीवर सगळे अवलंबून. म्हणून यात्रेचा सगळा डोलारा अशा एकाच विमानावर उभा करू नये. निदान परतीच्या मुहूर्ताला तरी हातात दुसरी वाट असावी.

आता मधे विमान बदलण्याविषयी. संभाजीनगरहून काशीला जायचे तर विमान आधी मुंबईला, दिल्लीला किंवा हैदराबादला जाणार आणि तिथे दुसऱ्या विमानात बसायचे. लोक विचारतात, “उलटं कशाला जायचं, गुरुजी?” त्याचे उत्तर आपल्या नागपुरात सापडते. 1949 साली भारतात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारी शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि उतारू आपसांत बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. चार विमानांत चारी शहरे एकमेकांना जोडली गेली. प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराला वेगळे विमान सोडायचे तर किती लागली असती ते वर्गात मुलांकडून काढून घ्या. तेच तत्त्व आज सगळ्या जगात चालते. मोठ्या नाक्यावर माणसे गोळा करायची आणि तिथून वाटायची. त्यात कंपनीची विमाने भरलेली धावतात, म्हणून कधी कधी थेट विमानापेक्षा मधे बदलायचे विमान स्वस्त मिळते.

पण इथेच एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्या. संभाजीनगर–मुंबई–काशी हा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय करणे कंपनीकडे येते. सामानही बहुतेक वेळा थेट काशीला उतरते. तेच तुम्ही चारशे रुपये वाचवायला संभाजीनगर–मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई–काशी दुसऱ्या कंपनीचे असे सुटे काढले, तर मधली जबाबदारी कुणाचीच नाही. पहिली कंपनी म्हणणार, आम्ही तुम्हाला मुंबईला आणले, आमचे काम झाले. दुसरी म्हणणार, तुम्ही वेळेवर आला नाहीत. गेलेल्या तिकिटाचे पैसे तुमचे. सामान मधे उतरवून घ्यायचे, पुन्हा रांगेत उभे राहून द्यायचे, तेही तुम्हीच. तेव्हा विमान बदलायचे असेल तर एकच तिकीट घ्यावे, आणि मधे दोन दिवस मुक्काम असेल तर सुटी तिकिटे खुशाल घ्यावीत. देशातल्या देशात बहुतेक कंपन्या प्रत्येक टप्प्याचे भाडे वेगळे धरतात, त्यामुळे जाण्या-येण्याचे एकत्र काढले म्हणून सूट मिळतेच असे नाही. जाताना एका कंपनीने आणि येताना दुसऱ्या कंपनीने यायला काही हरकत नाही.

आणखी एक फसगत सांगतो. तिकीट संभाजीनगर–मुंबई–काशी असे आहे, पण आदल्या दिवशी लेकीकडे ठाण्याला जाणे झाले, आता मुंबईहूनच बसू, असा विचार मनात येतो. तसे चालत नाही. पहिल्या टप्प्याला तुम्ही हजर नसलात तर कंपनी पुढची जागाही रद्द करू शकते. विमानाचे तिकीट क्रमाने वापरायचे असते, एस.टी.सारखे मधल्या फाट्यावर हात दाखवून चढता येत नाही.

परदेशाच्या प्रवासाचे गणित मात्र याहून निराळे आहे. लेक अमेरिकेत आहे आणि तिच्याकडे जाताना दुबईत भाच्याकडे चार दिवस राहायचे आहे, असे बीड जिल्ह्यातल्या घरांतही आता घडते. तिथे एकेरी तिकिटे सुटी घेतली तर बेरीज पुष्कळदा भलतीच वाढते. एकाच तिकिटावर अनेक गावांची मागणी करावी, आणि मधला मुक्काम चोवीस तासांपेक्षा जास्त असेल तर तो वेगळा थांबा धरला जातो हे ध्यानात ठेवावे. त्या मधल्या देशाचा व्हिसा लागतो का, हे भाड्याच्या आधी विचारावे.

आता तारखांकडे येऊ. इथे शिक्षकमंडळींची खरी अडचण आहे. सुटी मिळते ती दिवाळीत आणि उन्हाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या देशाला सुटी असते. दिवाळीच्या आधी पुण्याहून बाहेर जाणारी आणि भाऊबीज झाल्यावर पुण्याकडे येणारी विमाने भरलेली असतात. बिहारकडे तर दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा. पाटण्याला जाणाऱ्या विमानांना तेव्हा श्वास घ्यायला जागा नसते. पण छठ उरकली की लोक तिकडून परत निघतात आणि इकडून तिकडे जाणारे कमी होतात. गुरुजींची सुटी तोवर शिल्लक असेल तर जाण्याचे भाडे उतरलेले सापडू शकते, परतीचे मात्र तेव्हा चढे असू शकते. म्हणून दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासायचे. गर्दी एका दिशेने वाहत असते, तिच्या उलट जाणाऱ्याला स्वस्त पडते. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार पाहावा, हे तर आहेच.

पर्वणीच्या वेळी मात्र कुठलेच गणित चालत नाही. प्रयागचा महाकुंभ 13 जानेवारी ते 26 फेब्रुवारी 2025 असा झाला. तेव्हा तिथले भाडे इतके भडकले की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कंपन्यांना सांगावे लागले, उड्डाणे वाढवा आणि दर आवरा. पर्वणी साधायचीच असेल तर आपली रेल्वे बरी.

रेल्वेवरून आठवले. ज्यांना वेळ आहे आणि प्रकृती साथ देते त्यांच्यासाठी रेल्वेकडे एक जुनी सोय आहे, ती लोक विसरून गेले आहेत. चक्राकार प्रवासाचे तिकीट. ज्या स्टेशनावरून निघायचे त्याच स्टेशनावर परत यायचे, आणि मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. रेल्वेचे भाडे दूरच्या अंतराला दर किलोमीटरमागे कमी कमी होत जाते. सुटी सुटी आठ तिकिटे काढली की प्रत्येक वेळी सुरुवातीचा चढा दर बसतो. चक्राकार तिकिटात सगळ्या अंतराचे दोन भाग करून भाडे लावतात, म्हणून ते पुष्कळ उतरते. आपला मार्ग कागदावर लिहून मोठ्या स्टेशनाच्या आरक्षण कार्यालयात द्यावा लागतो, आणि प्रत्येक गाडीचे आरक्षण निराळे करून घ्यावे लागते. खिडकीवरच्या माणसाला हे तिकीट लगेच आठवेल अशी अपेक्षा धरू नका. शांतपणे मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाला विचारा. ज्येष्ठांची रेल्वे-सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, तेव्हापासून या तिकिटाचे मोल म्हाताऱ्या माणसांना अधिक वाटायला हवे.

विमान आणि रेल्वे यांची सांगड घातली तर काशी-रामेश्वरसारखी यात्राही आवाक्यात येते. जुनी रीत अशी की रामेश्वरची वाळू आणून प्रयागच्या संगमात सोडायची आणि गंगेचे पाणी नेऊन रामेश्वरला अभिषेक करायचा. म्हणजे देशाची ही टोके आणि ती टोके, तीही दोनदा. रामेश्वरला विमानतळ नाही, जवळचा मदुराईचा, तो पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. समुद्रातला पांबनचा नवा रेल्वेपूल 6 एप्रिल 2025 रोजी खुला झाला, त्यामुळे गाडी पुन्हा थेट बेटावर जाते, आणि काशीकडून रामेश्वरला आठवड्यातून धावणारी थेट गाडीही आहे. यात विमान कुठे वापरायचे? सर्वांत लांबचा आणि सर्वांत कंटाळ्याचा जो एक टप्पा आहे, तिथे. बाकीचे रेल्वेने. सगळे विमानाने केले तर पैसे पुरत नाहीत, आणि सगळे रेल्वेने केले तर म्हातारी माणसे पुरी पडत नाहीत.

इथे कुणी म्हणेल, स्वस्ताईसाठी यात्रेचा क्रम बदलला तर चालेल का? म्हणजे आधी गया आणि मग प्रयाग केले तर तिकीट दोन हजारांनी उतरते. हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर मायला विचारा. ती चार वर्षे ज्या क्रमाने मनात यात्रा करते आहे, तो क्रम दोन हजारांसाठी मोडू नये.

उरल्या बारीकसारीक गोष्टी. तिकिटावरचे नाव आणि आधारवरचे नाव एक असावे. बायकांच्या बाबतीत माहेर-सासरच्या नावांचा घोळ असतो, तो आधीच निस्तरावा. पडद्यावर पहिल्यांदा दिसतो तो आकडा धरू नका. कर, विमानतळाचे शुल्क आणि शेवटी संकेतस्थळाचे सुविधा शुल्क मिळवून जो आकडा येतो, तोच दुसऱ्या संकेतस्थळाच्या शेवटच्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि मग खुद्द कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा बघावे. खिडकीजवळच्या जागेचे वेगळे पैसे मागतात, ते नको म्हटले तरी बसायला जागा मिळतेच. देशात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या पंधरा किलो सामान आणि सात किलोची हातातली पिशवी नेऊ देतात. तेव्हा भाकरी-चटणीची शिदोरी, पांघरुणे आणि पूजेचे साहित्य घरीच तोलून घ्या, विमानतळावर जादा किलोचे पैसे फार लागतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यात तेल असते आणि ती पेट घेऊ शकते म्हणून. प्रसादाचे खोबरे तिथेच वाटून टाकावे. गंगेचा गडू झाळून, कापडात गुंडाळून मोठ्या सामानात ठेवावा. मायला लांब चालवत नसेल तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी.

आणि समजा, ऐन वेळी कुणी आजारी पडले आणि जाणेच रद्द झाले. स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत असे सांगून दुकानदार हात झटकतो. मूळ भाड्याच्या बाबतीत ते खरे असू शकते. पण त्या तिकिटात सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क धरलेले असते. प्रवास झाला नाही तर ती रक्कम प्रवाशाला परत द्यावी, असा महासंचालनालयाचा नियम आहे, आणि तो न परतीच्या तिकिटांनाही लागू आहे. चौघांचे मिळून ते काही हजारही भरतात. मागितल्याशिवाय ते सहसा कुणी हातावर ठेवत नाही, म्हणून तिकिटाचा कागद आणि रद्द केल्याचा संदेश दोन्ही जपून ठेवावेत आणि अर्ज करावा.

परतीचे विमान पुण्यात रात्री अकराला उतरत असेल तर त्या रात्री दिंद्रुडला येण्याचा हट्ट धरू नका. खासगी गाडी करून आलात तर विमानात वाचवलेले सगळे त्या एका रात्रीत जाते. दुपारपर्यंत उतरणारे विमान दोनशे-तीनशे रुपयांनी महाग असले तरी घ्या. स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला येऊन बीड-परळीकडची एस.टी. धरता येते, आणि पंचाहत्तरीच्या मायला तिथून पुढे घरापर्यंत एक पैसाही लागत नाही.